सरांचं गाव सापडलं तेव्हा

बाबा गेल्यापासून मुरुमच्या आमच्या घरातली वरची खोली रिकामी होती. आईनं ती एका ख्रिस्ती प्रचारक जोडप्याला राहायला दिली, तेव्हा बरेच दिवस मी आईशी नीट बोलले नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, पाण्याच्या टँकरमधल्या चोरीविरुद्ध, बाबांनी आयुष्यभर पत्रकं काढली. पाटीपेक्षा मी त्या उरलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवरच अक्षरं जास्त गिरवली. भाजी निवडायची ती पत्रकावर, भाकरीच्या डब्यात तळाला घालायचं तेही पत्रक. त्या घरात आता धर्माचा प्रचार करणारी माणसं राहणार होती. आई म्हणाली, म्हातारी माणसं आहेत, त्यांना जिना चढवत नाही तरी खोली आवडली म्हणतात, मी नाही म्हणणार नाही.

ती दोघं नगरकडची. शाळेत शिकवून निवृत्त झालेली, म्हणून गल्लीनं त्यांना सर आणि बाई म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अशी पद्धत आहे की मुलं मार्गी लागली आणि हातपाय अजून चालतात अशा जोडप्यांना दोन वर्षांसाठी लांबच्या गावी सेवेला पाठवायचं. त्यासाठी पगार नसतो. तिथं राहायचं, आजाऱ्यांना भेटायचं, रविवारी येतील त्या चारदोन घरांची प्रार्थना घ्यायची. कुणी सरांना फादर म्हणून हाक मारली की सर थांबून सांगायचे, "फादरला बायको नसते हो. ही बघा, माझी आहे." बाई तोवर पुढं निघून गेलेल्या असायच्या.

पहिल्याच आठवड्यात मी बाबांचं धर्मावरचं सगळ्यात कडक पत्रक सरांच्या हातात दिलं. मला भांडण हवं होतं. संध्याकाळी ते खाली आले, पत्रकाची नीट घडी घातलेली होती. म्हणाले, "चांगलं लिहिलंय. पण शेवटी पत्ता नाही. एखाद्याला पटलं, तर त्यानं यायचं कुठं?"

मी पत्रक परत घेतलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला कशालाच उत्तर सुचत नव्हतं. पुण्यात काही वर्षं मोर्चे, सभा, सह्यांच्या मोहिमा करून मी परत आले होते. पत्रक लिहायला बसले की पहिलंच वाक्य जुनं वाटायचं, कुठंतरी आधी ओरडून झालेलं. राग होता, पण तो उचलायला अंगात जोर नव्हता. त्या काळात मी वरच्या खोलीतल्या दोन म्हाताऱ्यांकडं जास्त बघत बसले, एवढंच.

त्यांचा दिवस साधा होता. सकाळी सर मोठ्यानं एक अध्याय वाचायचे आणि बाई आलं ठेचत ऐकायच्या. वेलदोड्याच्या जुन्या डबीत दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या एकत्र असायच्या. त्यावरून रोज वाद व्हायचा, कारण बाईंची गोळी अर्धी होती आणि सर ती पूर्ण समजून गिळायचे. मग ती दोघं भेटीला निघायची. बाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळं जिना उतरताना त्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायच्या. सर खाली उभे राहून म्हणायचे, "सावकाश ये, घाई नाही." आणि लगेच चालायला लागायचे. संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून प्रार्थना व्हायची. सरांचा आवाज वर्गात शिकवण्याचा, सबंध गल्लीला ऐकू जायचा. मग बाई काहीतरी पुटपुटायच्या, ते मला खाली कधी ऐकू आलं नाही. त्यांचं झालं की सरांचं "आमेन" मात्र ऐकू यायचं.

दुपार सरांच्या छंदाची. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीमागं ते लोकांच्या वंशावळी काढायचे. कुणाच्या घरी गेले, चहा झाला, की ते विचारायचे, तुमचे आजोबा कोण, त्यांचे वडील कोण, ते मूळचे कुठले. लोकांना हे आवडायचं. देवाचं ऐकायला कंटाळणारा माणूसही आजोबांविषयी तासभर बोलायचा. एकदा चौकात एकानं सरांना अडवलं आणि नावं गोळा करून तुम्ही लोकांना बाटवणार का, असं विचारलं. त्याच्याशी मी भांडले. घटनेतलं कलम सांगितलं, आवाज चढवला. घरी येताना सर म्हणाले, "लेखिकाबाई, तुम्ही जिंकलात. पण आता तो मला चहा कधी पाजणार?"

त्यांची स्वतःची वंशावळ मात्र पणजोबांपाशी येऊन थांबत होती. ती पुढं न्यायची म्हणूनच त्यांनी सेवेसाठी हा जिल्हा मागून घेतला होता. पणजोबा दुष्काळात निजामाच्या याच मुलखातून चालत नगरकडं गेले, तिथं मिशनच्या कामावर दगड फोडले, बाप्तिस्मा घेतला. गावाचं नाव त्यांनी मुलांना सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे सर मोकळेपणानं बोलायचे. "आम्ही मूळचे मातंग. गावाबाहेरची वस्ती. तिथलं आठवावं असं त्यांना काही वाटलं नसेल." पण घरात एक गोष्ट उतरली होती, ती म्हणजे दोर वळण्याची रीत. बाकीचे ज्या बाजूला पीळ देतात त्याच्या उलट बाजूला त्यांच्या घरात द्यायचे. आजोबांच्या हातच्या, गुरं बांधायच्या दाव्याचा वीतभर तुकडा सरांनी जपून ठेवला होता. त्या उलट्या पिळाचं घर या भागात कुठंतरी असणार, असं त्यांचं म्हणणं.

त्यासाठी आम्ही तेरला जाऊन नदीकाठच्या उन्हात बसलो, भूमच्या आठवडी बाजारात दोर विकणाऱ्यांच्या ओळीत एकेकासमोर उकिडवे बसलो. मी सोबत असायचे, कारण बसची, रिक्षाची माहिती मला होती, आणि यावर काहीतरी लिहीन असंही वाटत होतं. म्हातारे दोरवाले तो तुकडा उलटसुलट करून बघायचे. एकानं सांगितलं, डावखुरा असंल तुमचा आजा. सर म्हणाले, नाही हो, उजव्या हातानं जेवायचे. तो म्हणाला, मग भूक लागली का उजवा व्हत असंल. बाजारातली माणसं हसली, सरही हसले. बाई जवळच्या दगडावर बसून गुडघा चोळत होत्या.

मी त्यांच्याशी वाद घालायची. तुमच्या पूर्वजानं जे मागं टाकलं ते तुम्ही उकरताय कशाला? जात कुठून आली हे शोधून मिळणार काय? आमच्याच घराचं सांगते, म्हणायची. आम्ही लिंगायत व्यापाऱ्यांतले. आमच्याकडं सुगी झाली की हेळवी यायचा, बैलावर बसून, आणि दारात उभा राहून कानडीतून आमच्या कितीतरी पिढ्या म्हणून दाखवायचा. बाबांनी एका वर्षी त्याला सांगून टाकलं की पुढच्या खेपेला येऊ नका, या घरात आता घराण्याचा अभिमान चालत नाही. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "तुमच्या दारात येऊन सांगणारा होता, म्हणून तुम्हाला नको म्हणता आलं."

ते मला लागलं. पण मीही सोडलं नाही. कॅलेंडरच्या पाठीवर बोट ठेवून विचारलं, या सगळ्यात बायका कुठं आहेत? सगळे बापच बापांना जन्म देत आलेत. सर म्हणाले, लोक सांगत नाहीत गं. मी म्हणाले, तुम्ही विचारता का? आतून बाई हसल्या. मी त्यांना विचारलं की तुमची वंशावळ काढलीय का यांनी. त्या म्हणाल्या, "माझं माहेर आमच्याच गल्लीत. बहीण अजून तिथंच राहते. त्यात शोधायचं काय?"

त्या बहिणीचं नंतर मला कळत गेलं. ती बाईंपेक्षा मोठी, नवरा गेलेला. दोघींची घरं समोरासमोर, आणि लग्न झाल्यापासून दुपारचा चहा दोघी एकत्र घ्यायच्या. आता बहिणीचे कान जात चालले होते. सुरुवातीला फोनवर बोलणं व्हायचं, मग ती सगळ्याला "हो, हो" म्हणायला लागली, आणि मग तिनं फोन घेणंच सोडलं. जवळ बसून बोललं तर अजून थोडंफार कळतं, असं तिच्या सुनेनं सांगितलं होतं. बाई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "मी जाईपर्यंत तेवढंही राहिलं नाही तर? मग मी बोलू कुणाशी?"

त्यांची दोन वर्षं तेव्हाच भरून गेली होती. सरांनी मुदत वाढवून घेतली होती. ती संपत आली तशी आणखी एकदा वाढवायची बोलणी चालू होती, कारण गाव सापडायचं राहिलं होतं. बाईंना घरी जायचं होतं. एवढीच गोष्ट होती. मला ती लख्ख दिसत होती आणि सरांना दिसत नव्हती. मी मनातल्या मनात सरांविरुद्ध एक पत्रक लिहायलाही घेतलं होतं, निःस्वार्थ पुरुषांच्या स्वार्थाविषयी. ते पुरं झालं नाही.

मग गाव सापडलं.

मुरुमपासून तासाभराच्या अंतरावर, कर्नाटकाच्या शिवेजवळ एक खेडं आहे. बाई तिथल्या बायकांना एकदा भेटून आल्या होत्या, सर तापानं पडलेले असताना. त्याच म्हणाल्या, तिथं शिंदीचे फडे बांधणारी एक म्हातारी आहे, तिला विचारून बघा. आम्ही गेलो. मातंग वस्तीच्या टोकाला तिचं पत्र्याचं घर, दारात झाडायच्या फड्यांचा ढीग, आणि ती पाय पसरून बसलेली. तिचं कुणी उरलं नव्हतं. मुलगा, सून पुण्याला कामाला गेले ते तिकडचेच झाले. सरांनी दाव्याचा तुकडा तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, दोन्ही हातांनी पीळ थोडा उकलला, वास घेतला.

"ह्यो आमच्या घरचा पीळ हाय," ती म्हणाली. "माझ्या आज्याचा भाऊ दुष्काळात नगराकडं गेलता. परत आलाच न्हाय. तुम्ही त्याच्यातले. व्हय, नाकावरून कळतंयच की."

सर तिथंच मातीत बसले. पांढरा शर्ट, इस्त्री केलेली पँट, काही बघितलं नाही. म्हातारीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती त्यांना "भाऊ" म्हणाली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. वंशावळीला विरोध असलेली मी, माझाही हात भरभर कागदावर चालला होता. बाई लिंबाखाली पाठमोऱ्या उभ्या होत्या. मला वाटलं, त्यांनाही भरून आलंय.

त्या आठवड्यात सर तरुण झाले. कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी म्हातारीनं सांगितलेलं सगळं मांडलं. ते पुन्हा जाऊन तिच्याकडं जेवून आले, येताना फडे घेऊन आले. आमच्या घरात इतके फडे झाले की आईनं शेजारी वाटले. मग एका सकाळी ते खाली आईला भेटायला आले. म्हणाले, खोली सोडतो म्हणायला आलोय. मी बाईंकडं बघितलं. मला वाटलं, सुटल्या एकदाच्या.

सर सांगत होते, "देवानं इथं का आणलं ते आता कळलं. माझीच माणसं तिथं आहेत, आणि मी मुरुमात राहून काय करतो? म्हातारीच्या शेजारची खोली रिकामी आहे. मंडळीला कळवलंय. आणखी एक वर्ष, आणि या वेळी तिथंच राहून."

बाई आमच्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी आईकडं बघून मान हलवली, म्हणजे हो, असंच ठरलंय. थोड्या वेळानं सर पोस्टात गेले आणि बाईंनी मला वरून हाक मारली.

खोलीत त्या पलंगाच्या काठावर बसल्या होत्या. म्हणाल्या, दार लोट. मग सरळ सांगितलं, मुलांना धडा सांगावा तसं. ते म्हातारीचं सगळं त्यांनी ठरवून केलेलं होतं. सर तापात होते तेव्हा त्या खेड्यात दोघी दुपारभर गुडघेदुखीवर बोलत बसल्या. बोलता बोलता घरचं निघालं, बहिणीचं निघालं, दाव्याच्या तुकड्याचं निघालं. म्हातारी म्हणाली, येवढंच ना, मग सांगती की मी. बाईंनी पीळ कुठल्या बाजूचा ते तिला समजावून दिलं. नाकाचं आणि आज्याच्या भावाचं म्हातारीनं स्वतःच्या मनानं घातलं.

"मला वाटलं, गाव सापडलं की संपलं," बाई म्हणाल्या. "कुणालाही असंच वाटेल ना? हवं ते सापडलं की माणूस घरी जातो. पण यांना वाटलं, सापडलं म्हणजे आता काम सुरू झालं. इतकी वर्षं संसार केला, मला हे आधी कळायला हवं होतं."

मी चिडले. कुणावर ते मला आजही नीट सांगता येत नाही. खोटं हे खोटं, असं आमच्या घरात शिकवलेलं. बाबांनी एका बुवाच्या हातचलाखीवर पत्रक काढलं तेव्हा लोकांनी आमच्या दारावर दगड मारले होते, पण त्यांनी शब्द मागं घेतला नाही. आणि इथं एक प्रार्थना करणारी बाई, जिनं दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यालाही तोंडावर सुनावलं, तिनं नवऱ्याला एक अख्खं गाव खोटं दिलं होतं. दुसरीकडं मला असंही वाटत होतं की एवढं करावं लागलं याचा दोष त्या बिचारीचा कसा? मी म्हणाले, मी सांगते सरांना. आत्ताच पोस्टात जाऊन सांगते.

"नाही," बाई म्हणाल्या. "हे माझं आहे. तू यात हात घालायचा नाहीस. तुला सांगितलं ते ओझं कमी व्हावं म्हणून, तू लढावंस म्हणून नाही."

मी खाली आले. माझ्यासारखीला गप्प बसायला सांगणं म्हणजे काय, हे मला त्या दिवसांत कळलं. सर जिन्यावरून बोलावून मला विचारायचे, तिथल्या पोरांना संध्याकाळी शिकवायला तू येशील का, आठवड्यातून एकदा तरी. मी बघू म्हणायचे. वर बाई डबे धुवून, कोरडे करून, भांड्यांच्या खोक्यात ठेवत होत्या. आवराआवर तीच होती, फक्त भलत्या गावाची.

खोली बघायला आम्ही गेलो त्या दिवशी ऊन फार होतं. रिक्षा वस्तीच्या अलीकडं थांबते, तिथून बाईंना चालायला बराच वेळ लागला. म्हातारीनं खोली सारवून ठेवली होती. दारात ठिपक्यांची रांगोळी, आत खाट टाकलेली, कोपऱ्यात चूल नको म्हणून कुठूनतरी मागून आणलेली गॅसची शेगडी. खिडकीला नवं कापड लावलं होतं. सर दारात उभे राहून म्हातारीला म्हणत होते की एवढं कशाला केलंत. ती म्हणाली, भाऊ यायचा म्हणल्यावर करावं लागतंय.

बाई आत गेल्या नाहीत. रांगोळीच्या अलीकडं थांबल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "हे गाव तुमचं नाही. मी यांना तुम्हाला तसं सांगायला लावलं. पीळ मी शिकवला."

सरांना पहिल्यांदा कळलंच नाही. त्यांनी म्हातारीकडं बघितलं. म्हातारीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि ती खाली बसली.

"व्हय," ती म्हणाली. "बाईला घरी जायचं व्हतं. म्या म्हणलं, एक शब्द तर टाकायचा हाय. पर तुम्ही आला, बसला, जेवला. सांगता सांगता मलाच खरं वाटाया लागलं, भाऊ. म्हणून तर खोली सारवली."

सर खाटेवर बसले. त्यांचा चेहरा मी बघू शकले नाही, खिडकीच्या नव्या कापडाकडं बघत राहिले. मग त्यांनी बाईंना विचारलं. आवाज शाळेतला नव्हता. "मला सरळ का नाही सांगितलंस, घरी जायचंय म्हणून?"

"सांगितलं," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आपण याविषयी प्रार्थना करू. मग मी प्रार्थनेत सांगितलं. रोज संध्याकाळी तुमच्या शेजारी बसून सांगितलं, प्रभू, मला घरी जायचंय, ताईला अजून ऐकू येतंय तोवर जायचंय. आणि रोज तुम्ही आमेन म्हणालात."

इतकं साधं वाक्य मी माझ्या कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नव्हतं, आणि ते ऐकून मला जिंकल्यासारखंही वाटत नव्हतं. नुसतं दमल्यासारखं वाटत होतं, चौघांच्या वतीनं.

सगळ्यात आधी म्हातारी उठली. म्हणाली, भाकरी गार हुत्यात. आम्ही जेवलो. अंबाडीची भाजी, भाकरी, शेंगांची चटणी. सर कमी जेवले. हात धुतल्यावर ते म्हातारीसमोर उभे राहिले आणि त्यांनी तिची माफी मागितली, तुमच्या घरात मी नको ती आशा आणली म्हणून. ती म्हणाली, आणली मी, तुम्ही कशाला मागताय. बाई रिक्षाकडं निघाल्या, आणि सर मागून भरभर चालत त्यांच्याजवळ गेले. पुढचं सगळं अंतर ते त्यांच्या चालीनं चालले.

मुरुमच्या स्टँडवर उतरलो तसे सर आम्हाला तिथंच उभं करून चौकशीच्या खिडकीशी गेले. परत येऊन बाईंना म्हणाले, उमरग्याहून सोलापूर, तिथून नगर, एकाच गाडीनं नको, तुझे पाय सुजतील, सोलापूरला मुक्काम करू. बाईंनी मान हलवली. त्या रडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी विचारलं, "दुधाचं भांडं कुणाला द्यायचं?"

ती दोघं गेली त्या सकाळी आईनं दशम्या बांधून दिल्या. सर मला म्हणाले, हे लिहिणार असशील तर लिही, पण तिला खोटारडी म्हणू नकोस. बाई म्हणाल्या, "नावं घालू नकोस कुणाची. आणि माझ्या गुडघ्यांचं फार लिहू नकोस." पहिली गोष्ट मी पाळलीय.

सरांच्या पणजोबांचं गाव सापडलं नाही. आता ते सापडेल असं वाटत नाही. मधे एकदा मी विचारलं तेव्हा सर म्हणाले की कॅलेंडरची ती बाजू त्यांनी तशीच ठेवलीय, पुसली नाही, नुसतं वर लिहिलंय की हे खरं नाही. माझं वरच्या खोलीत लिहिणं सुरू झालंय. पत्रक अजून जमत नाही. वाक्य सुरू केलं की वाटतं, ज्याला उद्देशून मी हे ओरडतेय त्यानं आधीच आमेन म्हणून टाकलं असणार. मग मी थांबते, आणि ज्याला खरंच सांगायचंय अशा एका कुणाला तरी सांगावं तसं पुन्हा लिहायला घेते. फार हळू होतं.

पोचल्यावर काही दिवसांनी सरांचा फोन आला. त्यांनी एक काम सांगितलं. त्या म्हातारीकडं जाऊन ये, म्हणाले, मी येईन असं तिला उगाच वाटत राहायला नको. मला जायचा कंटाळा आला होता. वाईट बातमी सांगायचं काम शेवटी माझ्यासारख्यांकडंच येतं, असं मनात म्हणत मी बाजाराचा दिवस टाळून गेले. म्हातारी दारात फडे बांधत होती. माझ्यासाठी तिनं पोतं अंथरलं. मी वाटेत वाक्यं जुळवली होती, सर येणार नाहीत, त्यांची तब्येत, लांबचा प्रवास.

ती मला बोलूच देईना. दातात शिंदीची पात धरून तिनं विचारलं, "बाई पोचली का घरी?"

पोचल्या, मी म्हणाले.

"आन् भईन? ऐकती का?"

मी सांगितलं, फोनवर काहीच कळत नाही, पण शेजारी बसून डाव्या कानाशी बोललं तर कळतं. दुपारभर दोघी बसतात. बाईंचा आवाज बसलाय ओरडून ओरडून.

"मग झालं तर," म्हातारी म्हणाली, आणि पात दातातून काढून तिनं फड्याला शेवटची गाठ मारली. शेजारच्या खोलीत तिनं शेळी बांधली होती. सरांविषयी तिनं काही विचारलं नाही, आणि मीही मग काही सांगितलं नाही. ऊन उतरेपर्यंत बस म्हणाली, तशी मी बसले.